हकीमसाहेबांचा खल

माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, आमच्या शहराचा दगड आवडत नसे. ज्या शहरात दरवाजे, विहिरी, मशिदी, घरांचे पाये आणि स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटासुद्धा एकाच काळ्या दगडाचा, तिथं राहून त्या दगडावर रुसून बसणं तसं अवघडच. पण दादा भूविज्ञानाच्या सरकारी खात्यात दगडांचे नमुने गोळा करायच्या कामावर होते, आणि या काळ्या दगडात त्यांच्या कामाचं काहीच नव्हतं. "हे कालचं पोर हाय," ते म्हणायचे, "ह्याच्या पोटात काय बी नाय." जेवताना ते मला भाकऱ्यांची चवड दाखवायचे. जमिनीतून तापलेला रस वर आला, पसरला, थिजला. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. आपण सगळ्यात वरच्या भाकरीवर बसलोय. "आन् ही खालची दुरडी हाय का नाय, ती खरी म्हातारी. ती इथं दिसत नाय, पार पूर्वंला जंगलात उघडी पडती. तांबं, सोनं काय असंल ते तिच्यात." मायला, म्हणजे माझ्या आईला, या सगळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. ती म्हणायची, "दुरडीतलं सोनं ऱ्हाऊ द्या. भाकर गार व्हायली."

आम्ही मूळचे फुलंब्रीकडचे. आमच्या खेड्यातल्या बौद्ध वस्तीतून विज्ञान शिकून सरकारी नोकरीला लागलेले दादा पहिलेच. त्यामुळे सुट्टीत गावी गेलो की विहारासमोर सतरंजी टाकून लोक त्यांना बसवत आणि दगडांबद्दल विचारत. पोरांना जवळ ओढून सांगत, बघा, असं शिकायचं. दादा लाजायचे, पण परतीच्या एसटीत त्यांचा चेहरा फुललेला असायचा. शहरात आम्ही गुलमंडीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. सकाळी कापडदुकानांच्या फळ्या निघायच्या त्याचा खडखडाट, मग मशिदीतली बांग, मग समोरच्या सोनाराच्या बारक्या हातोडीची टिकटिक, आणि टोकाला राहणारे हकीमसाहेब औषधं कुटायला बसले की त्यांच्या लोखंडी खलाचा ठण्-ठण् आवाज. आता मी ज्या फ्लॅटमध्ये राहते तिथं लिफ्टचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही, आणि सूनबाईंना वाटतं की मी कान देऊन ऐकते ते मोबाईलवरचं काहीतरी असतं.

दिवाळी झाली की दादा कॅम्पवर जायचे ते पाऊस लागायच्या आत परतायचे. जाताना दरवेळी एक काम ठरलेलं होतं. ते बोटातली लग्नाची अंगठी काढून मायच्या हातात द्यायचे आणि माय ती मिठाच्या बरणीमागच्या डबीत ठेवायची. सोन्याच्या शोधात असलेल्या माणसाच्या अंगावर सोनं नको, हा त्या कामातला पहिला नियम होता. अंगठी दगडावर घासली, तिचा डोळ्यांना न दिसणारा कण नमुन्याच्या पिशवीत पडला, की सगळ्यांची वर्षाची मेहनत खोटी. मायला हे पटायचं, पण शेजारणींना पटायचं नाही. "लोकं म्हणत्यात, नवऱ्यानं अंगठी मोडून खाल्ली," असं ती चिडून सांगायची आणि दादा खो खो हसायचे. ते परत यायचे तेव्हा त्यांच्या पिशवीला धुराचा आणि मोहाच्या फुलांचा वास असायचा. पानात बांधलेली चारोळी माझी, बाकी मळके कपडे मायचे. त्या दिवशी घरात येसराची आमटी ठरलेली. दादा तीन भाकरी कुस्करून खायचे आणि घाम पुसत म्हणायचे, तिकडं नुसता भात खाऊन माणूस हलका होतो.

ज्या डोंगरावर त्यांची सगळी वर्षं चालली होती त्याचं नाव मोरटेकडी. शेवटच्या एसटीच्या थांब्यापासून बैलगाडी, गाडीरस्ता संपला की पायवाट, आणि ती संपली की नाल्यानाल्यानं चालत जायचं. मी ती टेकडी कधीच पाहिली नाही, पण आजही मला ती शाळेच्या रस्त्यासारखी पाठ आहे. म्हाताऱ्या करड्या खडकाला उभ्या भेगा पडलेल्या. त्या भेगांतून फार फार पूर्वी गरम पाणी वर चढलं आणि येताना पोटातलं तांबं घेऊन आलं. पाणी गेलं, भेगेत पांढरी गारगोट राहिली आणि गारगोटीत तांबं. वर उघड्यावर सगळं गंजून लाल-तपकिरी झालेलं, त्याला ते लोखंडी टोपी म्हणायचे. टोपीखाली दगडाला हिरवा-निळा डाग, मोराच्या मानेसारखा. म्हणून मोरटेकडी. तांबं तिथं होतं, ते डोळ्यांनी दिसत होतं. सोनं आहे का, हा प्रश्न होता. तांब्याच्या सोबतीनं सोनं येतं कधीकधी, पण दिसत नाही. ओळीनं दगड छिन्नीनं टिपायचा, पिशवीत भरायचा, आत एक नंबर, बाहेर एक नंबर, आणि लॅबला पाठवायचा. दरवर्षी लॅब सांगायची, तांबं आहे, सोनं नाही. दादा म्हणायचे, आपण चुकीच्या अंगाला बघायलो.

मी पाचवीत असतानाच्या उन्हाळ्यात ते परतले ते एक जड पिशवी घेऊनच. हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, तंबू उतरवत असताना, नाल्याच्या पलीकडं त्यांना गारगोटीची एक नवी पट्टी दिसली होती. तीच लोखंडी टोपी, तोच हिरवा डाग, पण आखलेल्या ओळींच्या बाहेर. कॅम्पचे साहेब म्हणाले, आता पुढच्या हंगामात बघू. दादांना धीर नव्हता. त्यांनी पट्टीवरून आडवे तुकडे टिपले आणि पिशवी आपल्या बिछान्यात गुंडाळून आणली. घरी ते कुटायचे, अर्धे पाण्यात धुऊन बघायचे, आणि काही दिसलं तर उरलेली अर्धी भुकटी साहेबांपुढं ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. भिंग, हातोडी, सगळं सामान हंगाम संपला म्हणून ऑफिसात जमा झालं होतं. घरचा खलबत्ता काळ्या दगडाचा, त्याचा चुरा नमुन्यात मिसळायचा. लोखंडी खल हवा होता. दादांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "हकीमसाहेबांकडं जा. म्हणावं, दादांनी दोन दिवसासाठी खल मागितलाय. त्यांच्याकडनंच आण हां. दुसरीकडनं नको. त्यांच्या खलात नुसता झाडपाला असतो, तो धुतला की जातो."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं. मी गल्लीच्या टोकाला पळत गेले तर हकीमसाहेबांच्या दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "सिल्लोड को गये, शादी में. चार दिन नक्को पूछो." मी तिथंच उभी राहिले. दादांनी मला मोठं काम सांगितलं होतं, आणि रिकाम्या हातानं परत जायचं माझ्या जिवावर आलं. आणि मग मला आठवलं की माझी मैत्रीण नंदा, त्या समोरच्या सोनाराची मुलगी, तिच्या ओट्याखाली अगदी तसाच एक लोखंडी खल पडलेला असतो. नंदाची आई भांडी घासत होती. मी मागितला तसा तिनं देऊन टाकला, वर म्हणाली, "धुऊन घे गं बाई, लई काळा झालाय." मी तो नळावर राखेनं घासला. बुडाशी एक काळी खपली होती, ती काही निघाली नाही. सोनं वितळवायची मातीची मूस जुनी होऊन फुटली की तिला चिकटलेले सोन्याचे कण वाया जाऊ नयेत म्हणून सोनार ती कुटतात आणि भुकटी धुऊन सोनं काढतात, आणि ते ह्याच खलात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंदाच्या बापाला मी कुटताना पाहिलं होतं. मला वाटायचं, खापरं कुटतायत. घरी आले तेव्हा दादा अंगणात पोतं अंथरून बसले होते. म्हणाले, "दिला का हकीमसाहेबांनी?" मी म्हटलं, "व्हय."

दोन दिवस दादांनी दगड कुटला. आधी रीत म्हणून साधी वाळू एकदा कुटून फेकून दिली, खल साफ व्हायला. सोनाराचा खल आहे हे कळलं असतं तर त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नसता. गल्लीतल्या बाया डोकावून मायला विचारायला लागल्या, "कुणाचं लगीन काढलंय गं? मसाला कुटायलेत का?" माय म्हणाली, "माझ्या सवतीचं." तिसऱ्या दिवशी सकाळी दादांनी परातीत पाणी घेतलं आणि जंगलात नदीची वाळू धुऊन सोनं काढणाऱ्या सोनझरी बायांची बघून बनवलेली लाकडी पाटी काढली. पाटी गोल फिरवायची, हलकी माती पाण्याबरोबर सोडायची, जड ते बुडाशी राहतं. माती गेली, गारगोटीचा पांढरा चुरा गेला, काळी वाळू उरली, आणि त्या काळ्या वाळूच्या कडेला पिवळी रेघ उठली. नखभर होती. दादांचे हात थांबले. त्यांनी बोटानं एक कण उचलून दगडावर ठेवला आणि बत्त्याच्या टोकानं दाबला. पिवळा दिसतो तो खोटा दगड असला तर चुरा होतो. हा चपटा झाला. दादांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. आयुष्यात मला त्यांनी इतक्या मोलानं कधी वागवलं नव्हतं, आणि मी खल परत करायला धावत गेले, नंदाच्या घरी.

धुऊन काढलेलं सोनं त्यांनी औषधाच्या काचेच्या कुपीत भरलं आणि मायच्या डबीत, अंगठीशेजारी, ठेवलं. उरलेली भुकटी साहेबांकडं गेली. साहेब म्हणाले, डोळ्यांचं सोडा, लॅब काय म्हणते बघू. लॅबनं सोनं आहे म्हणून कळवलं, आणि तेही चांगलं. ते कळलं त्या दिवशी दादा पेढे घेऊन आले, गल्लीत वाटले, गावी जाऊन विहारात वाटले. ऑफिसात त्यांच्या रखडलेल्या बढतीचं बोलणं पुन्हा सुरू झालं. पुढच्या हंगामात खात्यानं नाल्यापलीकडं लांब चर खणला, हात-हात अंतरावर दगड टिपला. गावी म्हातारी माणसं विचारायची, निघालं का रे आपल्या पोराचं सोनं? तो सबंध हंगाम माय सकाळी दार उघडताना पोस्टमनच्या वाटेकडं बघायची.

तांबं निघालं. सोन्याचा एक कणही निघाला नाही. चर पुन्हा खणला, पुन्हा नमुने पाठवले, पुन्हा तेच. आणि मग लोक दगडावरून माणसाकडे वळले. नमुना कुणी आणला? हंगाम संपल्यावर, परवानगी नसताना, बिछान्यात लपवून. कुटला कुठं? घरी. आणि नेमकी बढती तोंडावर असताना.

चौकशीचे साहेब आमच्या घरी आले ती दुपार मला दिसते ती मुख्यतः त्यांच्या बुटांमुळे. आमच्या घरात बूट घालून कुणी येत नसे. दादा त्याच सकाळी कॅम्पवरून बोलावणं आल्यामुळं परतले होते, अंगावर खाकी कपडे, गळ्यात दोरीला भिंग. साहेबांनी चहा नाकारला आणि वही उघडली. एकेक गोष्ट विचारत गेले. अंगठी कुठं होती, परात कुणाची, पाणी कुठलं. दादा उभ्यानं उत्तरं देत होते. मग साहेब म्हणाले, "खल कुणाचा होता?" दादा म्हणाले, "हकीमसाहेबांचा. गल्लीच्या टोकाला ऱ्हात्यात." साहेबांनी मान वर केली. "तुम्ही स्वतः आणला?" "नाय साहेब, पोरीनं आणला." आणि दादा माझ्याकडं वळले, अगदी सहज, वरण झालं का विचारावं तसं. "हकीमसाहेबांकडनंच ना गं?"

मला तेव्हा काही कळत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे, आणि बरीच वर्षं मी स्वतःला तेच सांगितलं. पण अर्धं कळलं होतं. सोनाराचा खल आणि सोनं, एवढी जोड सहावीतली पोर लावू शकते. खरं सांगितलं असतं तर एवढंच ठरलं असतं की चूक झाली, पोरीनं भलताच खल आणला. दादांनी फसवणूक केली, असं कुणी म्हटलं नसतं. पण मला त्या क्षणी दादांची नोकरी दिसत नव्हती. मला फक्त एवढंच दिसत होतं की त्यांनी दुसरीकडनं नको म्हणून सांगितलं होतं, मी त्यांचं ऐकलं नव्हतं आणि वर खोटं बोलले होते, आणि ते आता या बुटवाल्या माणसासमोर उघडं पडणार. मी म्हटलं, "व्हय. हकीमसाहेबांकडनंच." साहेबांनी ते लिहून घेतलं, दादांची सही घेतली. उठताना म्हणाले, "मग झाडपाल्याला सोनं लागलं म्हणायचं." हकीमसाहेबांकडं चौकशी करायला ते गेलेसुद्धा नाहीत. त्यांना गरज वाटली नाही.

साहेब गेल्यावर दादांनी मायला डबी मागितली. कुपी घेऊन ते खिडकीशी गेले, थोडं सोनं तळहातावर ओतलं, आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून बघत राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं. माय चुलीपाशी रडत होती, मी दाराआड उभी होते. मला वाटलं, आपलं सोनं ते शेवटचं बघून घेतायत. किती वेळ बघत होते कोण जाणे. मग त्यांनी एकेक कण कुपीत परत भरला, बूच लावलं, आणि मला हाक मारून म्हणाले, "जेवलीस का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बस, दोघं जेवू."

त्यांना नोकरीवरून काढलं नाही. लेखी ताकीद मिळाली, बढती गेली, आणि जंगल गेलं. उरलेली सगळी वर्षं त्यांनी शहरातल्या खात्याच्या गोदामात जुन्या नमुन्यांच्या पिशव्यांवर नंबर टाकत काढली. ऑफिसात लोक त्यांना सोनार म्हणायचे. काय सोनार, आज किती निघालं? गावी जाणं कमी झालं, मग बंदच झालं. मोरटेकडीचं नाव ते घरात काढेनासे झाले. माय मात्र शेवटपर्यंत सांगत राहिली की सोनं आहे, सरकारनं दाबलं. ती ते तावातावानं सांगायला लागली की दादा उठून बाहेर जायचे. आणि त्यांना एक सवय लागली, जिची मी आणि माय चेष्टा करायचो. मला दुकानात साध्या मिठाला पाठवलं तरी ते म्हणायचे, "जिथं मिळंल तिथनं आण गं. फकस्त कुठनं आणलं ते मला सांग." मी परत येऊन सांगायचे, कोपऱ्यावरच्या दुकानातनं, गुलमंडीतनं, नंदाच्या आईकडनं उसनं. ते माझ्याकडं थोडा वेळ बघायचे आणि मान हलवायचे. मी मोठी झाले, विज्ञानाची शिक्षिका झाले, माझं लग्न झालं. माहेरी काही घेऊन गेले तरी ते विचारायचे, कुठनं आणलंस? माय म्हणायची, म्हाताऱ्याला वेड लागलंय.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. पण मला वाटायचं, त्यांच्याजवळ आता तेवढंच उरलंय. जग काही म्हणो, मी सोनं शोधलं होतं, हे ते मनात धरून असतील. मी तोंड उघडलं तर ते सोनंही जाईल, आणि मग या माणसाकडं काय राहील? असं म्हणून मी गप्प राहिले. त्यात त्यांच्यावरची माया किती आणि माझा भित्रेपणा किती, हे आज या वयातही मला वेगळं काढता येत नाही. दादा गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. तेव्हाही नाही सांगितलं.

माय गेली आणि डबी माझ्याकडं आली. मागच्या महिन्यात नात नाकात चमकी हवी म्हणाली, म्हणून मी ती कुपी घेऊन रिक्षानं गुलमंडीत गेले. म्हटलं, पणजोबांचं सोनं अंगावर राहील. कुठनं का आलेलं असेना. नंदाच्या बापाचं दुकान आता तिचा भाचा बघतो. काचेचं दार आहे, आत गारेगार. त्यानं कुपी पांढऱ्या कागदावर ओतली, भिंग डोळ्याला लावलं, आणि लगेच हसला. मोजून एक क्षणही लागला नसेल. "आत्या, हे तर मुशीतलं सोनं हाय. आमच्यासारख्याच्याच दुकानातलं." मी विचारलं, कशावरून? त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. "बघा ना. गोल गोल मणी हायेत बारीक. सोनं वितळून थिजलं की असा मणी व्हतो. खाणीतलं, दगडातलं असं गोल नसतं कधीच, ते भेगंत वाढतं, वाकडंतिकडं असतं. भिंगाची सवय असलेल्या माणसाला बघताक्षणी कळतं."

मी बघितलं. मोहरीहून कितीतरी बारीक, गुळगुळीत, गोल मणी. मधूनच एखादा चपटा, दादांच्या बत्त्याखाली आलेला. पोराला वाटलं असेल, म्हातारीची फसगत झाली. त्यानं पाणी मागवलं. मला ते कशाचंच भान नव्हतं. मला खिडकीशी उभे असलेले दादा दिसत होते, लख्ख उन्हात, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून. साहेब गल्लीच्या टोकापर्यंतही पोचले नसतील. मागे पळत जाऊन एवढंच सांगायचं होतं, की साहेब, पोर खोटं बोलली. दादा गेले नाहीत. त्या दुपारी त्यांच्या मनातलं सोनंही गेलं होतं, आणि ते मी उरलेला जन्म जपत बसले. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि मला विचारलं, जेवलीस का.

चमकी मी दुसरं सोनं घेऊन करवली. कुपी परत आणली. ती आता माझ्या टेबलावर आहे, हे लिहिते आहे त्या कागदाशेजारी, आणि आज सकाळपासून घरात कुणी नाही.

दादा, खल नंदाच्या घरनं आणला होता.